‘डीलिंग विथ ड्रॅगन्स’: राजकन्येने स्वतः शोधलेली नोकरी

तलवारबाजी, लॅटिन, स्वयंपाक... राजकन्या सिमोरीन जे शिकायला घेते ते ‘शोभत नाही’ म्हणून बंद पाडलं जातं. लग्न ठरवलं जाताच ती पळून जाते आणि कझूल या ड्रॅगनिणीकडे आपणहून कामाला राहते: रांधायचं, खजिना लावायचा, ग्रंथालय आवरायचं. पॅट्रिशिया रीडींच्या या कादंबरीची (१९९०) खरी मजा या घरकामात आहे. ड्रॅगनांत ‘राजा’ हे पदाचं नाव; नर असो वा मादी. आणि जादूगार वितळतात कशाने? साबणाच्या पाण्यात लिंबू पिळून! सोडवायला येणारे राजपुत्र मात्र एकाच साच्यातले, जादूगारांचा डावही लवकर कळतो. या कादंबरीने सुरू होणाऱ्या मालिकेतला चौथा भाग आधी, १९८५ मध्ये आला. तरी सुरुवात इथूनच करा. कारण त्या चौथ्या भागात नायक सिमोरीनचा मुलगा आहे.