आर्क्टिकच्या तापमानाचे आकडे: ‘जिस्टेम्प’ सेवा कितपत कामाची?

नासाच्या गोडार्ड संस्थेची ‘जिस्टेम्प’ ही सेवा फुकट आहे, नोंदणी मागत नाही आणि १८८० पासूनचे आकडे एका साध्या तक्त्यात हातात देते. कोल्हापुरात भूगोलाचा लघुप्रबंध किंवा पर्यावरणाचा प्रकल्प आर्क्टिकवर करणाऱ्यांना सुरुवातीसाठी याहून चांगली जागा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र एकाच ठिकाणाचा, समजा नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरच्या स्वालबार्ड विमानतळाचा, आलेख हवा असेल तर ती पुरत नाही. त्यासाठी नॉर्वेच्या हवामान संस्थेची ‘सेक्लिमा’ ही सेवा बरी. तीही फुकटच. पण दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात जसेच्या तसे चिकटवले की प्रकल्प बिघडलाच म्हणून समजा.

याचे कारण असे, की जिस्टेम्पच्या मुख्य तक्त्यांत तापमान नसते, तापमानातला फरक असतो. १९५१ ते १९८० या तीस वर्षांच्या सरासरीपेक्षा त्या वर्षी किती जास्त किंवा कमी, एवढेच ते सांगतात. कोल्हापूरकरांना हे समजायला पंचगंगा पुरे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे पावसाळ्यात शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असते. मोजपट्टीचा शून्य जागचा हलत नाही म्हणून तो आकडा चालतो. उद्या कुणी शून्य दोन फूट वर सरकवला, तर पाणी तेवढेच राहून आकडा खाली येईल. तापमानाच्या बाबतीत हा शून्य म्हणजे संदर्भकाळ. स्वालबार्ड विमानतळाची १९६१–९० ची वार्षिक सरासरी उणे ६.७ अंश सेल्सिअस आहे आणि १९८१–२०१० ची उणे ४.६. समजा एखाद्या वर्षाची सरासरी उणे ३ आली, तर पहिल्या शून्यावरून वाढ ३.७ अंश आणि दुसऱ्यावरून फक्त १.६ अंश. दोन्ही आकडे खरे. संदर्भकाळ न लिहिता यातला एक जरी छापला, तरी वाचणारा फसतो.

आता प्रत्यक्ष काम. पानावर ‘झोनल’ म्हणजे अक्षांशपट्ट्यांच्या वार्षिक सरासरीची सीएसव्ही फाइल आहे, ती उतरवून एक्सेलमध्ये उघडा. पहिल्या स्तंभात वर्ष, दुसऱ्यात सगळ्या जगाचा फरक आणि आठव्या स्तंभात, म्हणजे ‘एच’मध्ये, ६४ अंश उत्तर ते ध्रुव हा पट्टा. शीर्षकाची एक ओळ धरून १९७९ हे वर्ष १०१ व्या ओळीत येते आणि २०२४ हे १४६ व्या. ‘स्लोप’ सूत्रात आधी एच स्तंभाच्या या ओळी द्या, मग ए स्तंभाच्या त्याच ओळी, आणि येईल त्याला १० ने गुणा. हा झाला दर दशकाचा वेग. तेच सूत्र ‘बी’ स्तंभाला लावले की जगाचा वेग मिळतो. दहा मिनिटांचे काम आहे. सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच, की विद्यार्थी दुसऱ्याचा निष्कर्ष न उतरवता स्वतः आकडा काढू शकतो.

आर्क्टिक जगाच्या चौपट वेगाने तापते आहे, हे वाक्य वर्तमानपत्रात सर्रास येते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला तो निष्कर्ष आहे: १९७९ ते २०२१ या काळात आर्क्टिक वृत्ताच्या आत दर दशकाला सुमारे ०.७३ अंश आणि जगात सुमारे ०.१९ अंश. तिथे हद्द ६६.५ अंशांची होती. जिस्टेम्पचा पट्टा ६४ पासून सुरू होतो, म्हणजे आइसलँडचा बराच भाग आणि सायबेरियाची आणखी जमीन आत येते. त्यामुळे आपले उत्तर तंतोतंत चौपट आले नाही तर सूत्र चुकले असे समजू नका. हद्द वेगळी, उत्तर वेगळे.

सुरुवातीच्या वर्षाचीही तीच गोष्ट. १९२० आणि ३० च्या दशकांत आर्क्टिकमध्ये, विशेषतः स्वालबार्डच्या बाजूला, तापमान चांगलेच चढले होते. नंतर ते उतरले, साठच्या दशकात तळाशी गेले आणि पुढे पुन्हा चढले ते चढतेच आहे. १९६५ पासून रेघ ओढली तर ती खडी दिसते, १९३५ पासून ओढली तर मंद. १९७९ निवडायला सबळ कारण आहे, कारण उपग्रहांवरून समुद्रबर्फाची सलग नोंद तिथून सुरू होते. कारण लिहा आणि मगच वर्ष निवडा. १८८० ते १९०० मधले आर्क्टिकचे आकडे तर जपूनच वापरावेत, तेव्हा तिथे केंद्रे अगदी मोजकी होती.

नकाशा काढायच्या पानावर ‘स्मूदिंग’ची निवड आहे: १२०० किंवा २५० किलोमीटर. कोल्हापूर ते जयपूर सरळ रेषेत जेवढे, तेवढे साधारण १२०० किलोमीटर. एका केंद्राचा फरक तेवढ्या अंतरापर्यंत पसरवला जातो, जवळ जास्त वजन आणि कडेला शून्य. जयपूरचे तापमान कोल्हापूरला लावणे चूकच, पण इथे पसरतो तो फरक. नेहमीपेक्षा गरम गेलेले वर्ष दूरवर एकसारखे जाणवते, म्हणून ही पद्धत चालते. २५० घेतले तर ध्रुवाभोवतीचा मोठा भाग राखाडी, म्हणजे माहितीविना, राहतो. आमचा सल्ला: दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. रंग प्रत्यक्ष मोजणीतून कुठे आला आणि पसरवून कुठे आला, ते लगेच कळते. आणि प्रक्षेपण ‘पोलर’ निवडा, कारण साध्या नकाशात ध्रुव ताणून पानभर होतो.

याच पानावर महिने किंवा ऋतूही निवडता येतात आणि ते चुकवू नये. आर्क्टिकची वार्षिक वाढ मुख्यतः शरद आणि हिवाळ्यातली आहे. उघडे समुद्राचे पाणी सूर्यप्रकाशाचा जेमतेम सहा टक्के भाग परतवते, तर बर्फ पन्नास ते सत्तर टक्के. उन्हाळ्यात पाण्याने घेतलेली उष्णता हिवाळ्याच्या तोंडाशी हवेत परत येते. उन्हाळ्यात मात्र बर्फावरची हवा शून्याच्या आसपासच अडकून राहते, कारण उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. नुसता वार्षिक आकडा पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

सेवेची कच्ची बाजू म्हणजे एकेका केंद्राचे तक्ते. इथे फरक नसतो, थेट तापमान असते. ज्या महिन्याची नोंद नाही तिथे ९९९.९ छापलेले असते. अकरा महिन्यांची सरासरी उणे ५ असेल आणि बारावा महिना तसाच राहिला, तर एक्सेल वर्षाची सरासरी ७८.७ अंश दाखवते. एवढी ढोबळ चूक निदान डोळ्यांत भरते. न दिसणारी चूक वेगळीच: या तक्त्यातले वर्ष डिसेंबर ते नोव्हेंबर असते, शिवाय चारपैकी तीन ऋतू मिळाले तरी वार्षिक आकडा काढलेला असतो. म्हणून शेवटचा स्तंभ उचलण्याआधी महिन्यांचे स्तंभ नजरेखालून घाला.

सेक्लिमावर स्वालबार्ड विमानतळाचा केंद्र क्रमांक ‘एसएन ९९८४०’. विमानतळावरची मोजणी १९७५ पासूनची. त्याआधीच्या आसपासच्या केंद्रांच्या नोंदी जोडून ही मालिका अभ्यासकांनी १८९८ पर्यंत मागे नेली आहे, म्हणून आर्क्टिकसाठी ती इतकी मोलाची. १९४१ साली महायुद्धात स्वालबार्ड रिकामे केले गेले, त्या वर्षांचा सांधा जपून वाचावा. फाइलमध्ये नॉर्वेच्या रीतीप्रमाणे दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. तो आधी ‘फाइंड-रिप्लेस’ने बदलून घ्या, नाहीतर एक्सेल आकडे नीट वाचत नाही. भारताचे ‘हिमाद्री’ केंद्रही स्वालबार्डमध्येच, न्यू-ओलेसुंडला आहे. पण ते २००८ चे, म्हणजे हवामानाच्या सरासरीला लागणारी तीस वर्षे अजून भरायची आहेत. दीर्घ बदलासाठी त्यावर विसंबू नये.

दोन गोष्टी छपाईआधी. जुन्या वर्षांचे आकडेही दर महिन्याच्या अद्ययावतीत शंभरांश-दोन शंभरांश हलतात, कारण उशिरा आलेल्या नोंदी आणि दुरुस्त्या मिसळल्या जातात. फाइल कुठल्या तारखेला उतरवली ते तक्त्याखाली लिहा. आणि राजारामपुरीत झेरॉक्सला देताना नकाशाची पाने रंगीतच काढा: काळ्या-पांढऱ्यात गडद लाल आणि गडद निळा एकाच राखाडी छटेत उतरतात, आणि चार अंश तापलेला भाग चार अंश गारठल्यासारखा दिसतो.