मपेट्सच्या जुन्या वस्तू: बाहेरून मागवाव्यात, बाजारात शोधाव्यात की कुणाच्या बॅगेतून आणाव्यात?

माझ्या भाचीने पहिल्या पगारातले दहा हजार रुपये बाजूला काढले आणि सरळ माझ्या घरी आली. "मामा, मपेट्सचं जुनं काहीतरी घ्यायचंय. नेटवरनं मागवू की इथंच कुठं गावतंय बघू?" मपेट्स म्हणजे अमेरिकेच्या जिम हेन्सनने टीव्हीसाठी केलेल्या बोलक्या बाहुल्या. २००६ मध्ये त्यांच्या 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमाचा हिंदी अवतार, 'गली गली सिम सिम', सुरू झाला तेव्हा ती बालवाडीत होती. चमकी आणि बूम्बा टीव्हीवर दिसल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. माझं वेड त्याहून जुनं. काकांनी परदेशातून आणलेली 'द मपेट शो'ची १९७७ सालची एलपी, म्हणजे गाण्यांची तबकडी, मी इतक्यांदा लावली, की मराठीशिवाय दुसरी भाषा न येणाऱ्या आमच्या काकूंनाही कर्मिट बेडकाचा आवाज लगेच ओळखू यायचा.

भाचीला जे सांगितलं तेच इथे लिहितो. कोल्हापुरात राहून हा नाद करायचा तर दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात: वस्तू इथवर येणार कशी, आणि आलीच तर इथल्या पावसाळ्यात टिकणार कशी. माझा कौल असा: पहिले पैसे काच, चिनी माती, कागद आणि तबकडी यांवर घालावेत, कापडी बाहुली सगळ्यात शेवटी. आणि वस्तू हातात धरून बघता येत असेल तर तोच रस्ता धरावा, चार महिने जास्त लागले तरी चालतील.

आधी नावं नीट लावून घ्या

जिम हेन्सनने १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टीव्ही केंद्रावर 'सॅम अँड फ्रेंड्स' हा छोटा कार्यक्रम सुरू केला. त्यातला पहिला कर्मिट त्याने आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून शिवला, आणि पिंगपाँगचा चेंडू अर्धा कापून त्याचे डोळे केले. १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' आलं. १९७६ ते १९८१ 'द मपेट शो' चालला, एकूण १२० भाग, आणि ते झाले इंग्लंडमध्ये. १९८३ मध्ये 'फ्रॅगल रॉक' आलं. आपण सगळ्यांना मपेट म्हणतो, पण मालक आता तीन आहेत. कर्मिट, मिस पिगी, फॉझी ही मंडळी २००४ मध्ये डिस्नेकडे गेली. एल्मो, बिग बर्ड, कुकी मॉन्स्टर सेसमी वर्कशॉपचे. फ्रॅगल मात्र हेन्सन कंपनीकडेच राहिले. नेटवर नुसतं 'मपेट' टाकून शोधलं तर निम्मा माल नजरेलाच पडत नाही, तो या कारणाने.

जुनी वस्तू किती जुनी हे ओळखायला हीच नावं कामी येतात. वस्तूच्या बुडाशी, लेबलवर किंवा पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर हक्काची ओळ असते. तिथे 'हेन्सन असोसिएट्स' असेल तर वस्तू सत्तर-ऐंशीच्या दशकातली. 'जिम हेन्सन प्रॉडक्शन्स' असेल तर त्यानंतरची. डिस्नेचं नाव दिसलं तर बहुतेक २००४ च्या पुढची. सेसमीच्या वस्तूवर 'चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप' किंवा 'सीटीडब्ल्यू' असेल तर ती २००० च्या आधीची, कारण त्या वर्षी संस्थेने नाव बदलून सेसमी वर्कशॉप केलं. एका परदेशी विक्रेत्याने मला "१९७८ ची अस्सल" म्हणून कर्मिट विकला. पार्सल फोडलं, पायाशी शिवलेली पट्टी उलटी करून पाहिली, तर तिच्यावर डिस्ने. विकत घेण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागितला असता तर माझे साडेचार हजार वाचले असते. आता मी पट्टीचा फोटो आल्याशिवाय पुढचं बोलतच नाही.

तीन रस्ते

नेटवरून परदेशातून मागवण्याचा फायदा उघड आहे, हवं ते मिळतं. फिशर-प्राइसच्या सत्तरच्या दशकातल्या बाहुल्या, सिग्मा कंपनीचे चिनी मातीचे मग, पॅलिसेड्सच्या २००२ नंतरच्या कडक प्लास्टिकच्या मूर्ती, सगळं एका संध्याकाळी समोर येतं. अडचण पुढे सुरू होते. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० वर. त्याआधी पाच हजारांपर्यंतची भेटवस्तू करमुक्त यायची, ती सोय डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह सक्तीचं आहे. आता सत्तरच्या दशकात अमेरिकेत विकलेल्या बाहुलीवर ते चिन्ह कुठून असणार? माझं एक पार्सल याच चौकशीत मुंबईत सात आठवडे पडून होतं, आणि सुटलं तेव्हा वस्तूच्या किमतीपेक्षा वरचा खर्च मोठा झाला होता. म्हणून नेटवरून मागवायचं तर पुस्तकं आणि तबकड्या मागवाव्यात. खेळणं म्हणून येणारी वस्तू मी आता या रस्त्याने आणत नाही.

दुसरा रस्ता बॅगेचा. आपल्याकडे प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी बाहेर आहे. येताना काच आणायला सांगताना संकोच वाटतो खरा, पण एक मग किंवा एक ग्लास दोन टॉवेलांत गुंडाळून सहज येतो. विक्रेत्याने तो तिकडच्याच पत्त्यावर पाठवायचा, आपल्या माणसाने उघडून बघायचा, व्हिडिओ कॉलवर आपल्याला बुड दाखवायचं. हातात धरून बघण्याच्या सगळ्यात जवळ जाणारी ही सोय आहे. मी हेच सर्वांत जास्त वापरतो. एकच पथ्य: त्या माणसाला वर्षातून एकदाच त्रास द्यावा, आणि तो परत जाताना त्याच्या बॅगेत कांदा-लसूण चटणी घालावी.

तिसरा रस्ता आपल्या पायांचा. कोल्हापुरात रद्दीवाले आणि भंगारवाले यांच्याकडे जायला दोन मोसम चांगले: जूनमधली शाळा सुरू व्हायची धांदल आणि दिवाळीआधीची झाडलोट. जुना वाडा पाडून इमारत उठायला लागली की माळ्यावरच्या ट्रंका बाहेर येतात, तेव्हाही. लक्ष्मीपुरीत रविवारी बाजाराला गेलो की मी भाजी घ्यायच्या आधी एक चक्कर मारतो. 'मपेट' हा शब्द तिथे उपयोगाचा नाही. "हिरवा बेडूक असलेलं इंग्लिश पुस्तक हाय काय?" असं विचारायचं. दुकानदार म्हणतो, "बेडूक न्हाई, मिकी हाय." तरी ढीग उपसू द्या म्हणायचं. किलोवर येणाऱ्या परदेशी पुस्तकांच्या गठ्ठ्यांत सेसमी स्ट्रीटची पातळ पुठ्ठ्याची पुस्तकं हमखास सापडतात. माझ्याकडे अशी अकरा आहेत आणि कुठल्याही पुस्तकाला चाळीसच्या वर रुपये दिलेले नाहीत. एकाच्या पहिल्या पानावर कुणा परदेशी मुलाने मेणाच्या खडूने ग्रोव्हरचं नाक जांभळं रंगवलंय. ते पुस्तक मी कुणाला देणार नाही.

तबकड्या आणि प्लास्टिकच्या छोट्या मूर्तींसाठी मात्र गाव सोडावं लागतं. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी चोर बाजारात पोचता येतं, पण मटण स्ट्रीटवरची दुकानं शुक्रवारी बंद असतात हे लक्षात ठेवा. त्या दिवशी रस्त्यावरचा बाजार भरतो आणि तो पहाटे चांगला असतो. मॅकडोनल्ड्स भारतात आलं १९९६ मध्ये. अमेरिकेत १९८७ च्या सुमाराला त्यांनी जेवणासोबत वाटलेले मपेट बेबीज किंवा १९८८ चे भाज्यांच्या गाड्यांत बसलेले फ्रॅगल इथे दिसले, तर ते कुणीतरी हातानेच आणलेले असतात. अशी वस्तू दिसली की घासाघीस थोडी करावी, फार नाही.

कापड की काच

खरा निर्णय इथे आहे, आणि इथे चूक झाली तर ती चार पावसाळ्यांनंतर कळते.

मी सुरुवातीला हातात घालायची फॉझी अस्वलाची बाहुली घेतली होती. तपकिरी केसाळ कापड, गुलाबी नाक, गळ्यात ठिपक्यांचा टाय. तोंड उघडझाप व्हावं म्हणून आत फोमचा थर. कपाटात काचेमागे बसवली. तिसऱ्या वर्षी श्रावणात पुतण्याला दाखवायला काढली, हात आत घातला आणि बोटांना ओली रवाळ पूड लागली. फोम विरघळल्यासारखा झाला होता. हात बाहेर काढला तर नखांत पिवळा चिकट भुगा, आणि फॉझीचा जबडा खाली लोंबत होता. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेतल्या पाण्याने आतून तुटत जातो, आणि तुटला की त्याला जोडणारं काही नाही. ज्या गावात जूनमध्ये पायताण कागदात गुंडाळून माळ्यावर टाकतात, बाहेर राहिलं तर आठवड्यात बुरशी धरते, तिथे फोमची बाहुली जपणं म्हणजे रोजचं काम अंगावर घेणं आहे.

आत कापूस किंवा पॉलिएस्टर भरलेली बाहुली जास्त टिकते, तिला कसर आणि बुरशी सांभाळली की झालं. मी तिच्याजवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवतो. डांबरगोळ्या ठेवू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, डोळे आणि बटणं चिकट होतात. मऊ रबरी प्लास्टिकच्या मूर्तींना वयाप्रमाणे घाम सुटल्यासारखं होतं, त्या एकमेकींना टेकवून ठेवू नयेत. कडक प्लास्टिकला हा त्रास नाही. जुनं नकोच असेल तर लेगोच्या २०२२ सालच्या बारा मपेट मूर्ती किंवा २०२० चा १,३६७ तुकड्यांचा सेसमी स्ट्रीटचा संच घ्यावा. टिकाऊपणात त्यांचा हात कुणी धरणार नाही. मला मात्र त्यांत जुन्या वस्तूची ओढ लागत नाही.

तबकडीचं बरं आहे. वर बुरशी आली तर धुऊन निघते, कव्हरवर आली तर नाही. म्हणून कव्हर आणि तबकडी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवतो आणि कधीही खालच्या फळीवर ठेवत नाही. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात हे वेगळं सांगायला नको. व्हीनस कॉर्नरजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राच्या तळाच्या कपाटातली सगळी कव्हरं एकमेकांना चिकटून त्यांची एकच वीट झाली होती.

काच आणि चिनी माती हवेला दाद देत नाहीत. १९८१ च्या 'द ग्रेट मपेट केपर' चित्रपटाच्या वेळी मॅकडोनल्ड्सने चार ग्लासांचा संच काढला होता. तो पुष्कळ निघाला, म्हणून आजही परवडतो. घेताना ग्लास उजेडासमोर धरून रंग किती उडालाय ते बघायचं. अंगठा हळू फिरवला की रंगाची जाडी लागते, आणि ती सगळीकडे सारखी लागली तर ग्लास फारसा वापरलेला नाही.

बाहुली घ्यायचीच तर डोळे बघा. हेन्सनचा सहकारी डॉन साहलिन डोळे आणि नाक यांच्यामधल्या त्रिकोणाला फार जपायचा, त्यातूनच बाहुली समोरच्याकडे बघतेय असं वाटतं. कर्मिटच्या डोळ्यातली बाहुली नुसती गोल नसते, तिच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ निघते. नकली कर्मिटला बहुधा नुसता काळा ठिपका असतो, आणि तो कुठेच बघत नाही.

आपल्या घरच्या बाहुल्यांशी तुलना

भाचीने शेवटी विचारलं, "मग अर्धवटरावचंच जमवू का?" प्रश्न रास्त आहे. यशवंत केशव पाध्यांच्या अर्धवटरावाने शंभरी ओलांडली आहे, रामदास पाध्यांनी 'झपाटलेला'साठी केलेला तात्या विंचू १९९३ पासून घराघरात आहे. पण दुकानात विकायला निघालेल्या वस्तू त्यांच्या फार थोड्या. जमवायचं तर प्रयोगाच्या जाहिराती, तिकिटं, चित्रपटाचं पोस्टर, म्हणजे सगळा कागद. सिनेमाचं गाव म्हणून असा कागद इथे सापडण्याची आशा बरी आहे. आणि खरी बाहुलीच हवी असेल तर घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावं. ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवून गोष्ट सांगायची चित्रकथी तिथे अजून जिवंत आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये त्यासाठी पद्मश्री मिळाली. तिथे कलाकाराला भेटता येतं, दोरी कशी धरायची ते विचारता येतं. मपेट्सच्या बाबतीत ते सुख आपल्याला कधीच मिळणार नाही.

भाचीने दहा हजारांचे तीन वाटे केले. दोन हजार पिंगुळीच्या फेरीला. पाचशे रद्दीवाल्यासाठी, दिवाळीपर्यंत पुरवायचे. उरलेले साडेसात न्यू जर्सीतल्या आतेबहिणीकडे, चारही ग्लासांसाठी. तीन आले. मिस पिगीचा वाटेत तडकला होता, तो बहिणीने आणलाच नाही. तीन ग्लास आता तिच्या खोलीत वरच्या फळीवर, खिडकीच्या उजेडापासून दूर आहेत. त्यांतून सरबत प्यायचं नाही असं मी तिला बजावलंय, कारण त्या काळच्या रंगीत छपाईत शिसं असू शकतं. चौथ्यासाठी ती गणपतीनंतर चोर बाजारात जाणार आहे, महालक्ष्मीचं तिकीट माझंही काढलंय.