कुपवाडला बनवून घेतलेला १२ इंची सायक्लोन, चार महिने वापरून सांगतोय

सांगलीत माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे, सर्कुलर (गोल पात्याची करवत), रंधा मशीन आणि २ एचपीचा पिशवीवाला डस्ट कलेक्टर. एमडीएफ कापायला घेतलं की बारीक भुकटी पिशवीच्या कापडात जाऊन बसायची, अर्ध्या तासात ओढ कमी, मग पिशवी झटका आणि झटकताना तीच धूळ परत नाकात. लाकडाच्या धुळीने कॅन्सर होतो हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) १९९५ सालीच नक्की केलंय, आणि माझ्याकडं दोन पोरं दिवसभर त्याच हवेत उभी असतात, त्यामुळं पिशवीच्या आधी सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ खालच्या ड्रममध्ये पाडणारं पत्र्याचं नळकांडं) बसवायचं काम अजून पुढं ढकलायचं नाही असं ठरवलं.

आपल्याकडं सायक्लोन काही नवीन नाही, हळद-मिरचीच्या पल्व्हरायझरला असतोच की. ते बनवणाऱ्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटर मामांकडं गेलो. त्यांच्याकडं २४ इंची तयार पडला होता. म्हणाले, "दादा हाच न्या की, मोठा असला म्हंजे चांगलाच, पुढं मशीन वाढवलं तरी चालंल." स्वस्तात देत होते, मी जवळजवळ घेतलाच होता.

नशीब म्हणून आधी हवा मोजली. मित्राचा ॲनिमोमीटर (हवेचा वेग मोजायचं यंत्र) आणून ५ इंची पाईपच्या तोंडाला पाच-सहा ठिकाणी धरला, सरासरी सेकंदाला १९ मीटर आली, म्हणजे साधारण ५१० सीएफएम (मिनिटाला एवढे घनफूट हवा). मशीनच्या पाटीवर १२०० लिहिलंय, पण ते पाईप न जोडता, त्या आकड्यावर माप काढलं तर सगळंच चुकतं. मी लॅपल पद्धतीचं (सायक्लोनच्या मापांचं एक ठरलेलं) प्रमाण धरलं: बॉडीचा व्यास जेवढा, त्याच्या निम्मी इनलेटची (हवा आत यायच्या तोंडाची) उंची आणि पाव रुंदी, सरळ भाग व्यासाच्या दुप्पट, खालचा निमुळता कोन (शंकू) पण दुप्पट लांब. १२ इंचीला इनलेट ६ बाय ३ आलं आणि तिथं हवेला २० मीटरचा वेग मिळतो. तीच हवा २४ इंचीत सोडली तर इनलेट १२ बाय ६, वेग फक्त ५ मीटर! एवढ्यात धूळ गरगर फिरून भिंतीला लागतच नाही, ढलप्या तेवढ्या खाली पडतात आणि ज्या भुकटीसाठी हा खटाटोप ती सरळ पिशवीत.

मामांना कागदावर काढून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि २० गेजच्या जीआय पत्र्यात आठ दिवसांत करून दिला, ८,५०० रुपये. रोलिंग एकदम गोल, आतून शिवण हात फिरवला तरी लागत नाही, हे फार महत्त्वाचं आहे कारण आत जरा जरी कड आली तरी धूळ तिथं उसळते.

एक चूक मात्र झाली. वरून हवा बाहेर नेणारा आतला ६ इंची पाईप साडेसात इंच खाली हवा होता, त्यांनी ४ इंचच सोडला. इनलेटच ६ इंच उंच, मग आलेली धूळ फिरायच्या आधीच वर ओढली जायची, पहिल्याच दिवशी पिशवी निम्मी भरली. परत नेला तर एक शब्द न बोलता फुकट बदलून दिला.

दुसरी भानगड ड्रमची होती. ती माझीच, झाकणाला रबर न लावताच चालू केलं होतं. खालून थोडी जरी हवा आत शिरली तरी पडलेला भुसा परत वर उडतो. रिकाम्या ड्रमवर कलेक्टर चालू करून सांध्यांवरून अगरबत्ती फिरवली, दोन ठिकाणी धूर आत खेचला जात होता, तिथं रबर पट्टी आणि सिलिकॉन मारलं. ड्रम लोखंडीच घ्या, प्लास्टिकचा ओढीने आत बसतो.

आता ड्रम भरेपर्यंत पिशवीत मूठ-दोन मूठ भुकटी येते, बस्स. सायक्लोनमुळं हवा कमी झाली हे खरं, १९ ची १६ मीटर झाली, म्हणून लांबलचक फ्लेक्सिबल होज काढून टाकला आणि सर्कुलर कलेक्टरजवळ सरकवली, तेव्हा कुठं १८ वर आली.

ड्रम भरलेला कळत नाही हा त्रास राहिलाय. मागच्या आठवड्यात रंध्याच्या ढलप्या कोनापर्यंत चढल्या आणि पुढचा सगळा माल पिशवीत गेला. मामांना ड्रमला ॲक्रिलिकची खिडकी करायला सांगितलंय, शनिवारी ड्रम घेऊन जाणार आहे.