अलॉयवरचा काळा थर: शॅम्पू, डिग्रीझर, ॲसिड की आयर्न रिमूव्हर?

अलॉयच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या, चाकांसाठी वेगळं क्लीनर घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं, हे दुकानदाराला विचारण्याआधी आपल्याच गाडीच्या पुढच्या चाकावरून ओलं बोट फिरवून पाहा. मळ पुसला जाऊन खालची चकाकी दिसली, तर ती आपल्या माळव्याची माती आणि रस्त्यावरची धूळ. बोट काळं झालं, पण रिमवर तपकिरी-काळे बारीक ठिपके तसेच राहिले, तर ती ब्रेकची भुकटी. आणि नखाने खरवडलं तरी न हलणारे चिकट काळे थेंब असतील, तर ते डांबर. या तिन्हींना एकच बाटली पुरत नाही, म्हणून बाटलीवरच्या जाहिरातीपेक्षा मळाची जात आधी पाहावी.

इंदूरच्या मराठी घरांतून नाशिक-पुण्याकडे जाणं-येणं चालूच असतं. वाटेत मानपूरच्या पुढे भेरूघाट आणि सेंधव्यानंतर बिजासन घाट लागतो. घाटउतारावर ब्रेक पॅड बिडाच्या डिस्कवर घासतात आणि लोखंडाचे तापलेले बारीक कण उडून रिमच्या लॅकरला, म्हणजे वरच्या संरक्षक थराला, चिकटतात. पुढे ओल लागली की ते गंजतात आणि आणखी घट्ट बसतात. ब्रेकचा जास्त भार पुढच्या चाकांवर येतो आणि बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची भुकटी आतच राहते. म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा काळी दिसतात.

तुलना करायची असेल तर चार चाकांवर चार वस्तू लावू नका, कारण चारही चाकं सारखी मळलेली नसतात. पुढचंच एक चाक घ्या, आधी साध्या पाण्याने धुवा आणि शेजारशेजारच्या आऱ्यांवर एकेक वस्तू लावा. फरक तिथल्या तिथे दिसतो.

कार शॅम्पूने माती, धूळ आणि वरवरची काजळी निघते, लॅकरला काहीही धोका नाही. दर आठवड्याला गाडी धुणाऱ्याला बहुतेक वेळा एवढंच पुरतं, सोबत मऊ केसांचा लांब दांड्याचा ब्रश मात्र हवा. पण गंजून बसलेले कण शॅम्पूने हलत नाहीत, कितीही घासलं तरी. उलट जास्त घासलं की तेच कण लॅकरवर ओरखडे काढतात.

डिग्रीझर, म्हणजे ऑल पर्पज क्लीनरसारखी अल्कलीयुक्त द्रव्यं, तेलकट मळावर झकास चालतात. टायरच्या भिंतीवरचा तपकिरी थर काढायला मला यांच्याइतकं चांगलं काही वाटत नाही. रिमवर मात्र पातळ करूनच वापरा. ॲल्युमिनियमला ॲसिडही खातं आणि तीव्र अल्कलीही, आणि लॅकर कुठे उडालेलं असेल तर तिथून पांढरट डाग पसरायला लागतात.

ॲसिडबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घरच्या गाडीला नको. डाग क्षणात निघतो, म्हणून काही धुलाई सेंटरवर ते सर्रास मारलं जातं. त्यातल्या काही द्रव्यांत फ्लोराइडवर्गीय ॲसिडं असतात, ती कातडीत आतपर्यंत भिनतात. टॉयलेट क्लीनरचा घरगुती उपायही त्यातलाच, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. चाकाची चमक कायमची जाते आणि डिस्क, बोल्ट गंजतात. बाहेर गाडी धुवायला दिली तर आधीच विचारा, “भैया, रिम पे क्या डालते हो?” उत्तरात ‘तेजाब’ आलं, तर चाकं नुसत्या शॅम्पूने धुवायला सांगा.

आता आयर्न रिमूव्हर. पैसे खर्च करायचे तर इथे करावेत. यातला थायोग्लायकोलेट नावाचा क्षार लोखंडाशी संयोग पावतो आणि फवारल्यावर दोनेक मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. रंग दिसला म्हणजे तिथे लोखंड होतं. ओघळ न आलेल्या जागी बाटली रिकामी करण्यात अर्थ नाही. केस काढण्याच्या क्रीममध्येही याच कुळातलं रसायन असतं, त्यामुळे वासही तसाच उग्र येतो. मोकळ्या हवेत, हातमोजे घालूनच वापरा. बहुतेक चांगली द्रव्यं उदासीन पीएचच्या आसपास असतात, म्हणून शाबूत लॅकरवर ती ॲसिडपेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. उणीव दोन गोष्टींची: किंमत शॅम्पूपेक्षा बरीच जास्त आणि डांबरावर काडीचा उपयोग नाही. डांबराला टार रिमूव्हर लागतो, तो कापडावर घेऊन फक्त डागापुरता लावायचा.

कोणतंही द्रव्य तापलेल्या चाकावर मारू नका. ते क्षणात सुकतं आणि त्याचेच डाग बसतात. घाट उतरून आलात तर चाक हाताला गार लागेपर्यंत थांबा, आणि मे महिन्यात सावलीशिवाय हे काम काढूच नका. बोअरिंगचं पाणी असेल तर धुतल्यावर लगेच मायक्रोफायबरने टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके उरतात. नर्मदेच्या नळाला हा त्रास बराच कमी. धुतल्यावर डिस्कवर हलका गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या काही ब्रेकमध्ये तो जातो.

स्टीलच्या रिमवर प्लॅस्टिकची टोपी असेल तर शॅम्पू आणि ब्रश, बस्स. साधे रंगवलेले अलॉय असतील तर नेहमी शॅम्पू आणि ठिपके दिसू लागले की आयर्न रिमूव्हर. घाटातून फारसं जाणं नसेल तर वर्षाकाठी दोन-तीनदा पुष्कळ. डायमंड कट अलॉयच्या घासलेल्या चकचकीत भागावर फक्त पारदर्शक लॅकर असतं, तेव्हा तिथे डिग्रीझरही टाळा आणि फुटपाथला घासून लॅकर उडालं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. चाक स्वच्छ झाल्यावर त्यावर व्हील सीलंट लावलंत, तर भुकटी कमी चिकटते आणि पुढचे कित्येक आठवडे काम शॅम्पूवरच भागतं.