एसटी थांब्यासाठी हायमास्ट की छोटे खांब?

आमच्या ग्रामपंचायतीने दोन्ही लावून पाहिलेत, म्हणून लिहितो. हमरस्त्यावरच्या फाट्याला हायमास्ट, म्हणजे एकाच उंच खांबावर दिव्यांची रिंग, आणि वाडीच्या थांब्याला दिव्यांचे ५ मीटरचे खांब. दोन्ही ठराव मी सदस्य असताना झाले.

हायमास्टला तेव्हा माझाही पाठिंबा होता. एकच पाया, एकच जोडणी, १२.५ मीटरवरून अख्खा फाटा उजळतो. गाडी वळवताना चालकाला मध्ये खांबाचा अडथळा नको असतो, हेही खरं. खांबांना केबलसाठी चर खणावा लागतो, झाडांच्या फांद्या सतत छाटाव्या लागतात.

पण निवाराशेडवर पत्रा असतो. उजेड वरून येतो, पत्र्यावर अडतो. मोकळं डांबर लख्ख आणि माणसं बसतात तिथेच काळोख. बाहेरच्या झगझगाटाला डोळे सरावलेले, त्यामुळे आत कोण आहे ते दहा पावलांवरूनही कळत नाही. एका पावसाळ्यात मुलगी शेवटच्या गाडीने उतरली. मी पोचलो तर शेड सोडून भर पावसात छत्री धरून उभी. म्हणाली, "बाबा, आत कोण बसलंय ते दिसत नाही." माझं मत त्या रात्री बदललं.

वाडीला म्हणून आधी शेडच्या आत पत्र्याखाली एलईडी ट्यूब लावल्या, मग गावाकडच्या पायवाटेला खांब. कमी उंचीवरचा उजेड तिरका येऊन चेहऱ्यावर पडतो. समोरून येणारा कोण, ते ओळखू येतं. माझ्या मते सुरक्षित वाटायला हेच लागतं. दोन खांबांमधलं अंतर उंचीच्या साधारण तिप्पट ठेवलं, की मध्ये काळे पट्टे राहत नाहीत. उजेडाचा रंग ४००० केल्विनच्या (छटेचं माप, दिव्याच्या खोक्यावर असतं) आसपासचा घ्या. ६५०० चा निळसर पांढरा मला तरी डोळ्यांत खुपतो. जुन्या सोडियम दिव्यांखाली सगळे कपडे एकाच पिवळट रंगाचे दिसायचे, तो विषय आता संपलाच.

बिघाडाचंही बघा. खांबावरचा एक दिवा गेला तर शेजारचे असतात, आणि गावचा वायरमन शिडी लावून बदलतो. हायमास्टची वायर बिघडली की सगळा फाटा अंधारात, आणि विंचने (दोर गुंडाळायच्या यंत्राने) दिव्यांची रिंग खाली घ्यायला ठेकेदाराची माणसं येईपर्यंत थांबायचं. आम्ही अकरा दिवस थांबलो.

तुमचं मोठं बसस्थानक असेल, गाड्या खूप वळत असतील, तर हायमास्टच सोयीचा पडेल कदाचित. तरीही अंदाजपत्रकात शेडखालच्या ट्यूबा पहिल्या ओळीत लिहा. आमच्या फाट्याला त्या दोन वर्षांनी लागल्या.