इंक टँक प्रिंटर, वर्षभराच्या वापरानंतर: पैसा नक्की कुठे वाचतो?

एप्सनचा एल ३२५० घेऊन वर्ष होत आलं. दोन मुलांची शाळा, यजमानांचं हिशेबाचं काम आणि तासगावच्या द्राक्षबागेचे आण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे, कागद एवढं सगळं आमच्या सांगलीच्या घरात याच एका मशीनवर चालतं. प्रिंटर चांगलाच आहे. पण टँकवाला (कार्ट्रिजऐवजी टाकीत बाटलीने शाई भरायचा) आणला म्हणजे आपोआप पैसे वाचतात असं मात्र नाही.

आधी शाईचा हिशेब. ६५ मिलीची काळी बाटली साधारण चारशे रुपयांना पडते आणि कंपनी तिच्यात ४५०० पानं सांगते. पहिल्या बाटलीत तेवढी निघत नाहीत, कारण सुरुवातीला नळ्या आणि हेड (कागदावर शाई सोडणारा भाग) भरण्यातच बरीच शाई जाते. पुढच्या बाटल्यांचं धरलं तर पानाला नऊ पैसे. आपली पानं कंपनीच्या नमुन्यापेक्षा दाट असतात म्हणून दुप्पट धरा, तरी वीस पैशांच्या आतच. आणि कागद? रिमचा साधा ए-फोर पानाला पन्नास पैशांच्या घरात जातो. आमच्या जुन्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरला शाई परवडायची नाही. इथे शाईपेक्षा कागद महाग.

आण्णांचं म्हणणं होतं, "अगं, बाजारात निम्म्या किमतीत शाई मिळते, मग ही कशाला?" त्यांच्याच वहीत मांडून दाखवलं: लोकल शाईने पानामागे चार-पाच पैसे वाचणार, तोच कागद पाठपोट वापरला तर पंचवीस. "मग पाठपोटच काढ की," म्हणाले. त्या चार पैशांसाठी पणाला लागतं ते हेड. या प्रिंटरमध्ये ते आतच बसवलेलं असतं, कार्ट्रिजबरोबर बदलून येत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी लोकल शाई भरली, काही दिवसांत निळा रंग उमटेना. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्यांनी शेवटी नवीनच प्रिंटर घेतला.

शाई खरी खातात ते व्हॉट्सॲपवरचे फोटो. शाळेच्या ग्रुपवर वर्कशीट येतं ते ट्यूबलाइटखाली काढलेलं: कागद पांढरा नाही, करडा दिसतो, एका कोपऱ्यात मोबाइल धरलेल्या हाताची सावली. प्रिंटर तो सगळा करडेपणा इमानेइतबारे छापतो. पान ओलं होऊन वाकतं आणि पोरांची पेन्सिलही त्यावर नीट उठत नाही. तोच फोटो स्कॅनच्या ॲपमध्ये घालून काळा-पांढरा फिल्टर लावला की मागचा भाग कोरा होतो, फक्त अक्षरं उरतात. मिनिटभराचं काम आहे. आमच्याकडे आता थोरली ते करूनच प्रिंट देते.

देखभालीत सांगलीचा उन्हाळा आडवा येतो. मशीन पडून राहिलं की नोझलवर, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांवर, शाई वाळते. मे महिन्यात गावी जाऊन आलो तर लाल रंगाच्या रेघा मध्येमध्ये तुटलेल्या. अशा वेळी हेड क्लीनिंग (शाई सोडून छिद्रं साफ करायची सोय) दाबतच बसू नका. आधी नोझल चेकचं पान काढा, रेघा कुठे तुटल्यात बघा, मग एखाद-दोनदा क्लीनिंग करा. तरी जमलं नाही तर प्रिंटर बंद करून निदान १२ तास ठेवा. मॅन्युअलमध्येही तसंच दिलंय. आम्ही रात्रभर ठेवला, सकाळी रेघा सलग आल्या. प्रत्येक क्लीनिंगची शाई आतल्या पॅडमध्ये जाते. तो पॅड भरला की मशीन थांबतं आणि सर्व्हिस सेंटर गाठावं लागतं. क्लीनिंगला चारही रंग जातात, म्हणून नुसतं काळं छापूनही रंगाच्या टाक्या उतरताना दिसतात. आठवड्याला एक रंगीत पान काढलं की ही वेळ सहसा येत नाही.

बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा. हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, मग बोर्डावरचं बटण. थेट बोर्डावरून बंद केलं तर हेड उघडं राहून वाळू शकतं. टाकीतली शाई खालच्या रेषेपर्यंत आली की भरून घ्या, नाहीतर नळीत हवा शिरते.

पावसाळ्यात रिम उघडी ठेवली की दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. आम्ही ती झाकणाच्या डब्यात ठेवतो, ट्रेमध्ये लागतील तेवढीच पानं. या मॉडेलची काळी शाईही डाय प्रकारची (पाण्यात विरघळणारी) असल्यामुळे पाण्याच्या थेंबाने अक्षर पसरतं. सातबारा, हॉल तिकीट बाहेर न्यायचं तर प्लास्टिकच्या फोल्डरमध्येच.

पाठपोट छापायला पानं हाताने उलटून घालावी लागतात, याचा कंटाळा येतो. बाकी तक्रार नाही.

महिन्याला दहा-वीस पानंच लागत असतील तर हा घेऊ नका. शाई वाळून क्लीनिंगमध्येच संपेल, कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान स्वस्त पडेल. आणि घरी हवाच असेल, रंगाची गरज नसेल, तर साधा लेझर बघा: टोनर ही पावडर असते, महिनाभर पडून राहिली तरी वाळत नाही.