गुडघ्याच्या "इम्पोर्टेड" पट्ट्याचा सातारी अनुभव, पळणाऱ्यांनी वाचाच

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन जवळ आली की यवतेश्वर घाटात पहाटे पळणारे वाढतात आणि खाली गावात गुडघ्याच्या नावावर दुकान मांडणारेही वाढतात. नवीन पोरं सराव करताहेत म्हणून लिहितोय, या पट्ट्यात माझे ३,८०० रुपये गेले ते गेले.

ज्यांनी ही रेस पळलीये त्यांना माहितीये, घाट चढताना दम जातो पण गुडघा बोंबलतो तो उतरताना, कारण उताराला प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेक मारत असतात. माझा डावा गुडघा बाहेरच्या बाजूनं दुखायचा, सपाटीला काही नाही, उतार लागला की सुरू. तेवढ्यात रनिंग ग्रुपवर मेसेज फिरला, मोफत गुडघा तपासणी कॅम्प, स्पोर्ट्स थेरपिस्ट येणार, पोवई नाक्याजवळ हॉल. मोफत म्हटल्यावर निम्मा ग्रुप हजर!

आता तिथली खरी गंमत ऐका. पांढरा कोट घातलेला माणूस म्हणतो, सर एका पायावर उभे राहा, हात बाजूला ताणून धरा. मग तो मनगटापाशी दाबतो आणि आपण कलंडतो. "बघा, गुडघा लोड घेत नाही." मग तो पट्टा चढवतो, मॅग्नेट, तांब्याचे धागे, दोन्ही बाजूला बिजागरी, सगळं आहे त्यात, आणि परत हात दाबतो. आपण ढिम्म हलत नाही. माझ्या पुढच्या काकूंना तर भरून आलं होतं, म्हणाल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुडघा घट्ट वाटला.

घरी आल्यावर भाच्यानं हीच ट्रिक गुडघ्याला साधा पंचा गुंडाळून करून दाखवली. पहिल्यांदा हात मनगटाशी आणि अंगापासून बाहेर दाबायचा, दुसऱ्यांदा कोपराजवळ, अंगाकडे दाबायचा. शिवाय दुसऱ्या वेळेला आपण तयारीत असतो. बस्स, एवढंच. तोल सांभाळणारे रबरी बँड विकणाऱ्यांचे डेमो असेच असायचे, आणि २०१० च्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियात तसल्या एका कंपनीला तिथल्या ग्राहक यंत्रणेनं "आमच्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही" असं जाहीर कबूल करायला लावलं होतं. ती जुनी जादू इथं गुडघ्यावर आली एवढंच.

मला तेव्हाच खटकायला हवं होतं वगैरे म्हणत नाही, कारण समोरचा पक्का तयारीचा होता. पण एक गोष्ट आता आठवतीये, दुखतं नेमकं कुठं हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. वाटीच्या खाली, वाटीच्या मागं, बाहेरून, आतून, सगळ्यांना तोच पट्टा आणि सगळ्यांना एल साईज. खरं तर वाटीच्या खालची शीर दुखत असेल तर वाटीखाली बांधायची बारीक पट्टी वेगळी असते, नुसता आधार हवा तर ओढून घालायची स्लीव्ह असते, आणि बिजागरीवाला ब्रेस लिगामेंटला, म्हणजे सांध्यातली हाडं बांधून ठेवणाऱ्या बंधांना, मार बसलेल्यांसाठी, तो डॉक्टरनं सांगितल्यावर घ्यायचा. स्लीव्हमध्येही ७ मिलिमीटर जाडीची असते ती जिममध्ये वजन घेऊन स्क्वॉट मारणाऱ्यांची, ती घालून २१ किलोमीटर पळायला गेलात तर गुडघ्यामागची कातडी सोलून निघंल. आणि साईज टेपनं मोजून घ्यायची, त्या कंपनीच्या तक्त्यात सांगितलंय तिथंच, कोण वाटीवर मोजतं कोण मांडीवर, अंदाजानं नाही.

माझा पट्टा पहिल्याच उताराला घसरून पोटरीवर. नंतर इथल्याच एका फिजिओबाईंना दाखवलं, त्यांनी हातानं दाबून बघितलं, पायऱ्या उतरायला लावलं, म्हणाल्या मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणारा शरीरातलाच एक पट्टा असतो (आयटी बँड), त्याचं दुखणं आहे, कमरेचे स्नायू कमजोर, पळणं थोडं कमी करा आणि हे व्यायाम करा. पट्टा टेबलावरच पडून होता, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

परत द्यायला फोन केला तर "कस्टम फिटिंग आहे सर, रिटर्न होत नाही." एल साईज कस्टम कसली रे बाबा? मग नंबरच बंद. पावती बघितली तर कच्ची, जीएसटी नंबर नाही. खोक्यावर एमआरपीचा स्टिकर तेवढा मोठा, बाकी बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, देश नाही, महिना-वर्ष नाही, तक्रारीचा नंबर नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११ च्या नियमांनी सक्तीचं आहे, तेव्हा खोकं हातात घेतल्यावर आधी तेच वाचा, आपण वाचायला लागलं तर विकणारा लगेच चुळबुळतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीये. पावती पक्की नसली तरी यूपीआयचा स्क्रीनशॉट, खोक्याचा फोटो आणि ग्रुपवरचा तो मेसेज ठेवलाय, तुमच्याकडं असेल तर तुम्हीही डिलीट करू नका. काकूंच्या मुलानंही तक्रार केलीये. पैसे अजून आलेले नाहीत.

तोच कॅम्प आता कराडला लागणार असं ऐकतोय. जाणार असाल तर हात दाबताना त्याच्या चेहऱ्याकडं बघू नका, तो मनगट धरतोय का कोपर ते बघा, आणि पट्टा न घालता दुसऱ्यांदा दाबायला लावा.